दुरून डोंगर निळे!

माहीत आहे का, पुण्याची पर्वती अमेरिकेत आहे? तीही देवळांसकट!

गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने १७९५ मध्ये ती जलरंगात रंगवली. आज तिचा मुक्काम येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात! माथ्यावरचं देवदेवेश्वर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये उभारलेलं. म्हणजे टेकडी एक, पण फ्रेममध्ये भक्तीही आली आणि पेशव्यांचा रुबाबही. पुण्याचं पहिलं सेलिब्रिटी पोर्ट्रेट म्हणून मी तरी हिलाच मत देईन.

गंगारामचे गुरू स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स. त्यांना वेरूळच्या लेण्यांनी झपाटलं होतं. आणि का नाही झपाटणार? डोंगर रंगवणारे पुष्कळ, पण इथे कारागिरांनी डोंगरच वरून खाली कोरत नेला आणि त्यातून शंकराचा कैलास काढला! त्यातल्या एका शिल्पात तर रावण अख्खा पर्वत हलवतोय. डोंगर म्हणजे देवाचं घर, हे याहून मोठ्या साइजमध्ये कुणी सांगितलंय का?

आता जरा लोणावळ्याकडे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९९ मध्ये मळवलीला आला, लोहगडाच्या परिसरात. ‘गंगावतरण’सारखी चित्रं याच प्रेसने घरोघरी पोचवली. भिंतीवर हिमालय, मशीन सह्याद्रीत!

राईचा पर्वत ऐकलाय, पर्वताची राई पाहिलीत? जपानच्या होकुसाईने ‘महालाटे’च्या चित्रात पवित्र फुजी लाटेखाली एवढासा करून टाकला. हे चित्र ज्या मालिकेतलं, तिचं नाव ‘फुजीची छत्तीस दृश्ये’, मोजाल तर ४६! लोकांना इतकी आवडली की दहा जादा काढावी लागली.

चित्रात लांबचे डोंगर निळे का? मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून. ब्रशवर फिकट निळा घ्या, सिंहगड लगेच मैलभर मागे सरकतो!

आणि शाळेच्या वहीतले ते दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य? सुंदरच, पण ती टोकं हिमालयाची. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला, म्हणून इथे सपाट माथे नि पायऱ्यापायऱ्यांचे कडे. तेव्हा चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या दोस्तांनो, यंदा पट्टी आडवी धरा आणि माथा सपाट काढा!