नाहीसा होणारा साका

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की पाणी निवळते, हे तुम्ही पाहिले असेल. याच तुरटीचा एक प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. कॉस्टिक सोडा त्वचेला व डोळ्यांना इजा करतो. म्हणून त्याचे विरल द्रावणच वापरा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा.

परीक्षानळीत तुरटीचे द्रावण घ्या. त्यात ड्रॉपरने कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने टाका. खळीसारखा पांढरा साका दिसू लागेल. हा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका.

पुष्कळांचा प्रयोग येथेच 'फसतो'. सोडा जास्त पडतो, साका नाहीसा होतो आणि आपले काहीतरी चुकले असे समजून विद्यार्थी नळी ओतून देतो. ओतू नका! खरी गंमत तेथेच आहे.

साका दिसताच थांबा. नळी हलवून तो तीन नळ्यांत सारखा वाटा. पहिलीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत आणखी कॉस्टिक सोडा आणि तिसरीत तेवढेच साधे पाणी टाका. पहिल्या दोन्ही नळ्या स्वच्छ होतील. तिसरी मात्र गढूळच राहील. म्हणजे साका नुसत्या पाण्याने विरघळला नाही, रासायनिक क्रिया घडली.

आम्लाशी क्रिया होऊन ॲल्युमिनियम क्लोराइड हा क्षार व पाणी तयार झाले. कॉस्टिक सोड्याशी क्रिया होऊन विरघळणारे सोडियम ॲल्युमिनेट बनले. आम्ल आणि अल्क या दोहोंशी क्रिया करणाऱ्या अशा पदार्थाला उभयधर्मी म्हणतात. तुरटीऐवजी मॅग्नेशियम सल्फेट घेऊन पाहा. त्याचाही साका पांढराच. पण जास्त सोडा टाकला तरी तो विरघळत नाही.

या गुणावर एक मोठा उद्योग उभा आहे. बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज आपल्याकडे कोल्हापूर, रत्नागिरी जिल्ह्यांतही सापडते. त्यात लोखंडाची ऑक्साइडे मिसळलेली असतात. कार्ल बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 च्या सुमारास शोधलेल्या पद्धतीत बॉक्साइट तप्त कॉस्टिक सोड्यात मुरवतात. ॲल्युमिनियमचा अंश विरघळतो, लोखंडाचा तांबडा गाळ मागे राहतो. तुमच्या 'फसलेल्या' नळीत घडते, जवळजवळ तेच कारखान्यात घडते!

आता दुसऱ्या नळीत आम्ल थेंबाथेंबाने टाकले तर क्रमाक्रमाने काय दिसेल? आधी वहीत अंदाज लिहा, मगच ड्रॉपर उचला.