संवेग अक्षय्यतेचा नियम : 'प्रणाली' या संकल्पनेचे महत्त्व

वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. एखाद्या प्रणालीवरील बाह्य बलांची बेरीज शून्य असेल तर तिचा एकूण संवेग कायम राहतो, हा संवेग अक्षय्यतेचा नियम होय. विद्यार्थ्यांना हे विधान पाठ असते. परंतु 'थांबलेल्या वस्तूचा संवेग कोठे गेला?' या प्रश्नावर 'त्याची उष्णता झाली' असे उत्तर अनेकदा मिळते. या उत्तरातील चूक प्रणालीची निवड न केल्यामुळे घडते.

सातारा जिल्ह्यातील कराडलगतचे मलकापूर हे मीटरद्वारे चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेमुळे राज्यात परिचित झाले. जलवाहिनी हे या नियमाचे परिचयातील उदाहरण ठरू शकते. समजा, ३० सेंटिमीटर व्यासाच्या, १ किलोमीटर लांबीच्या सरळ वाहिनीतून पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत आहे. त्यातील पाण्याचे वस्तुमान सुमारे ७०,००० किलोग्रॅम व संवेग ७०,००० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होईल. झडप ७० सेकंदांत बंद केल्यास पाण्याला थांबविणारे सरासरी बल १,००० न्यूटन असेल. ७ सेकंदांत बंद केल्यास तेच १०,००० न्यूटन होईल. झडप सावकाश फिरविण्यामागील कारण हेच आहे. संवेगातील बदल दोन्ही वेळा सारखाच असतो, बल मात्र दहापट वाढते.

केवळ पाणी ही प्रणाली मानल्यास झडपेचे बल बाह्य ठरते. म्हणून संवेग कायम राहत नाही. पाणी, वाहिनी व पृथ्वी मिळून प्रणाली मानली तर तेच बल अंतर्गत होते. पाणी थांबताना त्याचा संवेग वाहिनीच्या आधारांमार्फत पृथ्वीला मिळतो. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ × १०^२४ किलोग्रॅम असल्याने तिच्या वेगातील बदल मोजता येण्याजोगा नसतो. शिवाय पाणी वाहू लागले तेव्हा पृथ्वीला तेवढाच विरुद्ध दिशेचा संवेग मिळालेला असतो. पाणी थांबताच हा हिशेब पुरा होतो.

उष्णतेत रूपांतर होते ते पाण्याच्या ३५,००० ज्यूल गतिज ऊर्जेचे, संवेगाचे नव्हे. संवेग ही सदिश राशी असून तिचे केवळ हस्तांतरण होते. म्हणून उदाहरण सोडविण्यापूर्वी प्रणालीची सीमा आखून घेण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे या नियमाच्या अध्यापनातील पहिले पाऊल असले पाहिजे.