महाशिंपल्यांचे कुलस्थान
कॉकल व महाशिंपले यांची कुले पूर्वी निरनिराळी मानीत. वरवर पाहता ते रास्तही वाटते. कॉकलमध्ये अभिवर्तनी स्नायू दोन व बिजागरी पायाच्या विरुद्ध बाजूस असते. ट्रायडॅक्नात पुढचा स्नायू लोपलेला असून बिजागरी पायाच्याच बाजूस आलेली आढळते. या स्थानांतराचा संबंध यंग यांनी १९३६ मध्ये प्रावारात वाढणाऱ्या प्रकाशजीवी शैवलांशी जोडला. परंतु असे सहजीवन ही महाशिंपल्यांचीच मिरास नव्हे: कोर्क्युलम या कॉकलच्या पुटांत प्रकाशासाठी चक्क अर्धपारदर्शक खिडक्या असतात! पुटांवरील अरीय कंगोरे तर कॉकलच्याच घाटाचे. १९९० नंतरच्या जातिवृत्तीय अभ्यासांनी महाशिंपल्यांना कार्डिइडी कुलातील ट्रायडॅक्निनी हे उपकुल ठरविले आहे. संग्रहातील नमुन्यांवरच्या ‘ट्रायडॅक्निडी’ या चिठ्ठ्या आता बदलावयास हव्यात.