विहिरीतलं 'औषध' आणि लोहचुंबक

वालावल-कुडाळच्या पट्ट्यात आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यासाठी फवारणी सुरू होते. बाग एकाची, पाठीवर पंप दुसऱ्याच्या. त्या विषाला आपण सगळे 'औषध' म्हणतो. फवारलेलं सगळंच पानावर राहत नाही. काही मातीत उतरतं आणि पावसाबरोबर ओढ्यात, विहिरीत जाऊ शकतं.

पाणी नितळ दिसलं म्हणजे ते शुद्ध, असं नाही. ग्रामपंचायतीच्या तपासणी पेटीने क्षार, लोह, नायट्रेट, क्लोरीन कळतं. बाटली काळी पडली तर जंतूंचा संशय येतो. कीटकनाशक मात्र त्यात दिसत नाही, कारण ते फारच थोडं असतं. मोनोक्रोटोफॉससाठी पिण्याच्या पाण्याची भारतीय मानक मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे १०,००० लिटरचे १०० टँकर भरले, तर सगळ्यांत मिळून फक्त १ ग्रॅम!

इतकं थोडं द्रव्य पाण्यात शोधायचं, तर आधी ते गोळा करावं लागतं. जुन्या रीतीत पाणी रासायनिक द्रावकाबरोबर घुसळतात. द्रावक भरपूर लागतं आणि ते तपासणाऱ्याच्याही अंगाला बाधतं. दुसऱ्या रीतीत पाणी भुकटी भरलेल्या बारीक नळीतून हळूहळू सोडतात. पाणी गढूळ असलं की नळी तुंबते.

१९९९ साली चेक देशातल्या मिर्का शाफारिकोवा आणि इवो शाफारिक या संशोधकांनी वेगळी रीत मांडली. लोहाच्या ऑक्साइडचे अतिबारीक कण घ्यायचे. हवं ते रसायन चिकटेल असा लेप त्यांना द्यायचा. कण पाण्यात टाकून हलवायचे. मग बाटलीला बाहेरून लोहचुंबक लावायचा. कण रसायन घेऊन काचेला चिकटतात, पाणी ओतून टाकता येतं. थोड्याशा द्रावकाने कण धुतले की रसायन सुटतं. अर्ध्या लिटरमधलं सगळं १ मिलिलिटरमध्ये उतरलं, तर ते ५०० पट दाट होतं. मग यंत्र ते ओळखतं आणि मोजतं. कोविडच्या काळात स्वॅबमधून विषाणूचा आरएनए वेगळा काढायलाही असेच चुंबकी कण वापरले गेले. कीटकनाशकासाठी मात्र ही रीत अजून जास्त करून संशोधनाच्या प्रयोगशाळांतच आहे.

पण जुन्या रीतीनेही तपासणी होतेच. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपने माल नाकारला. निर्यातीच्या द्राक्षांतले असे अंश तपासणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी द्राक्षाचा मणी इतका बारकाईने तपासला जातो. मग फवारणाऱ्याच्या घरातला पाण्याचा हंडा का नको?

आपण काय करायचं?

• विहारातल्या बैठकीत विषय घ्या, ग्रामसभेत लेखी मागणी द्या. नुसतं 'पाणी तपासा' लिहू नका. 'कीटकनाशकांचे अंश तपासा' असं लिहा आणि बागेत वापरलेल्या औषधांची नावं द्या.

• नमुना कशात आणि कधी घ्यायचा हे प्रयोगशाळेला आधी विचारा. यासाठी सहसा गडद काचेची बाटली लागते. नमुना थंड ठेवून लवकर पोचवावा लागतो. फवारणीनंतर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर, असा दोनदा घेतलेला बरा.

• पाणी उकळल्याने जंतू मरतात, कीटकनाशक त्याने जाईल असं धरू नका. औषधाचा रिकामा डबा पाण्याला कधीच वापरू नका, पंप विहिरीवर धुऊ नका.

• फवारताना किंवा नंतर घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं यातलं काही झालं तर काम तिथेच थांबवा. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. डब्यावरचं लेबल सोबत न्या. विषाचं नाव कळलं की डॉक्टरांना नेमका उपचार लवकर करता येतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते विष अंगावर आलं, म्हणून दिसलं. पाण्यातून थेंबाथेंबाने येणारं विष दिसत नाही. ते शोधायची रीत आज आहे, आपल्या विहिरीसाठी ती आपणच मागायला हवी.