‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

“सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळाने या,” हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकले असेलच. बँकेत, टपाल कचेरीत, रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर, प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयात ते हमखास कानी पडते. ऐकणारा कपाळाला हात लावून परत फिरतो. पण सर्व्हर ‘डाऊन’ होतो तेव्हा त्याचे नेमके काय होते? त्यातली माहिती नाहीशी होते का? आणि तो पुन्हा सुरू करणारा माणूस आत काय शोधत असतो? या प्रश्नांची उत्तरे आज पाहू.

माहितीचे कोठार

वसईतल्या एखाद्या केळीच्या वाडीचा सातबारा घ्या. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरात कागदावर असे. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून मिळू लागला. म्हणजे वाडीची नोंद आता एका डेटाबेसमध्ये आहे. डेटाबेस म्हणजे रकाने आणि ओळी आखून, तक्त्यांच्या रूपात नीट रचलेला माहितीचा साठा. माहिती अशा तक्त्यांत मांडावी हा विचार आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी 1970 साली मांडला. हा साठा सांभाळणारा आणि मागेल त्याला हवी ती नोंद काढून देणारा कार्यक्रम म्हणजे डेटाबेस सर्व्हर.

असे सर्व्हर अनेक कंपन्यांचे आहेत. आपण उदाहरणादाखल 1989 साली प्रथम बाजारात आलेला मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर घेऊ. इतरांचे तपशील निराळे असले तरी मूळ अडचण सर्वांची एकच आहे.

पत्त्याचा पत्ता कोठे ठेवायचा?

ग्रंथालयात कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे सूचीत लिहिलेले असते. पण खुद्द सूची कोठे ठेवली आहे, हे कोठे लिहायचे? सूचीतच लिहिले तर उपयोग काय? ते वाचायला आधी सूची सापडायला हवी! म्हणून हा एक पत्ता सूचीच्या बाहेर, दारावरच्या पाटीवर लिहावा लागतो.

डेटाबेस सर्व्हरचे अगदी असेच आहे. त्याच्याकडे शेकडो डेटाबेस असू शकतात. प्रत्येकाच्या फायली चकतीवर कोठे आहेत, कोणाकोणाला आत येण्याची परवानगी आहे, ही सारी सूची तो ‘मास्टर’ नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. मग मास्टर कोठे आहे? तो पत्ता विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, लिहिलेला असतो. तेथे तीन पत्ते असतात : मास्टरच्या माहितीच्या फायलीचा, मास्टरच्या व्यवहारवहीचा, आणि सर्व्हर आपली रोजनिशी जेथे लिहितो त्या फायलीचा. या रोजनिशीला ‘एरर लॉग’ म्हणतात.

गंमत म्हणजे संगणक सुरू करण्याला आपण ‘बूट करणे’ म्हणतो, त्या शब्दामागेही हाच पेच आहे. स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलणे, अशा अर्थाच्या वाक्प्रचारावरून तो आला आहे. कोणतीही यंत्रणा स्वतःच्या बळावर शून्यातून उठू शकत नाही. पहिली पायरी तिला बाहेरून मिळावी लागते.

एकामागून एक पायऱ्या

सर्व्हर सुरू होताना साधारण असा क्रम असतो. प्रथम रजिस्ट्रीतले तीन पत्ते वाचले जातात आणि रोजनिशी उघडली जाते. मग मास्टर उघडतो. त्यापाठोपाठ सर्व्हरचा अंगभूत मजकूर असलेला ‘रिसोर्स’ नावाचा डेटाबेस उघडतो. हा सहसा आपल्या नजरेस पडत नाही. नंतर ‘मॉडेल’. हा नावाप्रमाणे नमुना असतो. नवा डेटाबेस तयार करायचा झाला की याची प्रत काढूनच सुरुवात होते. मग येतो ‘टेम्पडीबी’, म्हणजे कच्चे गणित करण्याची पाटी. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की ही पाटी पुसून, मॉडेलच्या नमुन्यावर, दर वेळी नव्याने तयार केली जाते. याखेरीज ‘एमएसडीबी’ असतो. रोज रात्रीची प्रत काढण्यासारखी ठरावीक वेळची कामे आणि त्यांच्या नोंदी त्यात असतात. तो आणि तुमचे-आमचे, म्हणजे सातबाराचे, निकालाचे, बँकेचे डेटाबेस असे बाकीचे सगळे मग उघडतात.

आता एक प्रश्न. यांतला एक डेटाबेस बिघडला तर काय होईल? उत्तर सोपे नाही. कोणता बिघडला यावर ते अवलंबून आहे!

माळेतला दिवा आणि घरातला दिवा

गणपतीच्या मखराभोवती जुन्या पद्धतीची लहान दिव्यांची माळ तुम्ही पाहिली असेल. त्यातला एक दिवा गेला की सारी माळ विझते, कारण दिवे एकसर जोडलेले असतात. घरातले दिवे मात्र समांतर जोडलेले असतात. स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून ओटीवरचा विझत नाही.

मास्टर, रिसोर्स, मॉडेल आणि टेम्पडीबी हे एकसर जोडणीतले दिवे आहेत. त्यांपैकी एकही उघडला नाही तर सर्व्हर सुरूच होत नाही. मॉडेलमध्ये तुमची एकही नोंद नसते. पण तो नसेल तर टेम्पडीबी बनत नाही, आणि टेम्पडीबी नसेल तर सर्व्हर थांबतो. याउलट निकालाचा डेटाबेस बिघडला तर तेवढाच उघडत नाही, सर्व्हर चालू राहतो आणि बाकीचे डेटाबेस कामाला लागतात. एमएसडीबीसुद्धा या बाबतीत समांतर बाजूचाच म्हणायचा. तो नसेल तर ठरावीक वेळची कामे होत नाहीत, पण सर्व्हर उठतो.

म्हणजे पाहा, सर्वांत मोलाची माहिती ज्यात आहे तो डेटाबेस बिघडूनही सर्व्हर चालतो, आणि कच्च्या कामाची पाटी ठेवायला जागा मिळाली नाही एवढ्यावरून तो बंद पडतो. सर्व्हर बंद पडला म्हणजे माहिती बुडाली, असा अर्थ मुळीच होत नाही, तो याचमुळे. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली तेव्हा अनेक कागदी फायली जळून गेल्या. त्या कागदांची दुसरी प्रत नसेल तर ते परत येत नाहीत. ‘डाऊन’ झालेल्या सर्व्हरमध्ये मात्र बहुधा माहिती शाबूत असते. तिच्यापर्यंत नेणारी पत्त्यांची साखळी तेवढी कोठे तरी तुटलेली असते. अशा वेळी खरा धोका बिघाडापेक्षा घाईचा असतो. घाबरून कोणी फायली पुसल्या किंवा सर्व पुन्हा नव्याने बसवले, तर जे गेले नव्हते तेही जाते.

वीज गेली तर?

पावसाळ्यात वीज जाणे आपल्याला नवे नाही. 10 जुलै 2018 च्या सुमारास वसई, नालासोपारा आणि विरार येथे रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल. अशा दिवसांत ऐन कामात सर्व्हरची वीज तुटली तर?

समजा, एका खात्यातून 500 रुपये काढून दुसऱ्यात जमा करायचे होते. काढले, आणि जमा होण्याआधी वीज गेली. 500 रुपये हवेत विरले का? नाही. माहितीच्या फायलीत बदल पोचण्याआधी तो व्यवहारवहीत लिहिला गेलाच पाहिजे, असा सर्व्हरचा दंडक असतो. वीज आल्यावर तो ही वही वाचतो. जे व्यवहार पूर्ण झाले होते ते माहितीत पक्के करतो आणि जे अर्धवट राहिले होते ते उलटे फिरवतो. म्हणून 500 रुपये पहिल्या खात्यात परत दिसतात. हे काम लांबले तर डेटाबेस उघडायला वेळ लागतो. तेवढा वेळ वाट पाहणे हाच त्यावरचा उपाय. मध्येच पुन्हा बटण दाबणारा ते काम पहिल्यापासून करायला लावतो!

दोष शोधण्याची रीत

आता एक प्रसंग कल्पनेने उभा करू. एका महाविद्यालयात शुक्रवारी टेम्पडीबी नव्या चकतीवर हलवण्याची आज्ञा दिली गेली. आज्ञा स्वीकारली गेली, काम सुरळीत चालू राहिले. रविवारी वीज गेली. सोमवारी सकाळी सर्व्हर उठेना. दोष रविवारच्या विजेचा की शुक्रवारच्या आज्ञेचा?

जाणता माणूस अंदाज बांधत बसत नाही. तो रोजनिशी वाचतो. एरर लॉग ही साधी मजकुराची फाईल असते. सर्व्हर बंद असला तरी ती उघडता येते. तो वरून खाली वाचत जातो आणि शेवटची यशस्वी पायरी कोणती ते पाहतो. मास्टर उघडला, मॉडेल उघडला, टेम्पडीबी बनवताना मात्र ‘त्रुटी क्रमांक 3’. हा विंडोजचा सांकेतिक क्रमांक आहे आणि ‘दिलेला मार्ग सापडत नाही’ असा त्याचा अर्थ. क्रमांक 2 म्हणजे फाईल सापडत नाही, 5 म्हणजे परवानगी नाही, 32 म्हणजे ती फाईल दुसराच कोणी कार्यक्रम वापरत आहे. चार क्रमांक, चार निरनिराळे रोग! परवानगी नसताना फाईल शोधत बसणे म्हणजे दाताच्या दुखण्यावर डोळ्यांत औषध घालणे.

आणि रोजनिशीच लिहिली गेली नसेल तर? तोही पुरावाच आहे. बिघाड रोजनिशी उघडण्याच्याही आधी, म्हणजे रजिस्ट्रीतल्या पत्त्यांत किंवा त्या जागेच्या परवानगीत, असण्याचा संभव मोठा. मग विंडोजची स्वतःची घटनावही पाहावी लागते.

आपल्या प्रसंगात निदान झाले. शुक्रवारच्या आज्ञेत मार्ग चुकीचा लिहिला होता. तो तपासला जातो पुढच्या सुरुवातीला, म्हणून चूक दोन दिवस झाकून राहिली. विजेने ती फक्त उघडी पाडली. पण दुरुस्त करायची कशी? पत्ता बदलायला सर्व्हर चालू हवा, आणि पत्ता चुकीचा असल्याने सर्व्हर चालू होत नाही! यासाठी एक चोरवाट ठेवलेली असते. सर्व्हरला ‘किमान तयारीने ऊठ आणि फक्त मास्टर उघड’ असे सांगता येते. (त्यासाठी 3608 या क्रमांकाची खूण द्यावी लागते.) तेवढ्यावर तो उठतो, टेम्पडीबीचा पत्ता सुधारता येतो, आणि मग नेहमीच्या रीतीने तो सुरू होतो. या अवस्थेत एकाच व्यक्तीला आत जागा असते. म्हणून इतर कार्यक्रम आधी बंद करावे लागतात. नाहीतर एखादा तीच जागा पटकावतो आणि दुरुस्ती करणारा दाराबाहेर राहतो.

घर बदलताना

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई-विरारमधले एकही घर इंचभर हलले नाही, पण प्रत्येक घराच्या पत्त्यातला जिल्हा बदलला. डेटाबेस हलवताना उलटी अडचण असते. घर हलते आणि जुना पत्ता तसाच राहून जातो. जागा आणि पत्ता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, दोन्ही बदलाव्या लागतात, हे ज्याला उमगले त्याला स्थलांतराचे सगळे नियम आपोआप सुचतील.

मॉडेल किंवा एमएसडीबी हलवायचा तर त्यांचा पत्ता मास्टरमध्ये आहे. म्हणून आधी सर्व्हर चालू असताना नवा पत्ता नोंदवायचा, मग सर्व्हर बंद करून फायली हलवायच्या आणि पुन्हा सुरू करायचा. खुद्द मास्टर हलवायचा तर पत्ता रजिस्ट्रीत आहे. म्हणून सुरुवातीच्या सूचनांतले पत्ते बदलायचे, सर्व्हर बंद करायचा, फायली हलवायच्या. टेम्पडीबीची तर फाईल हलवायचीच नसते! नुसता पत्ता बदलून सर्व्हर पुन्हा सुरू केला की नव्या जागी नवी पाटी तयार होते. जुनी फाईल तेवढी हाताने पुसायची. आणि कोणत्याही हलवाहलवीआधी प्रत काढून ठेवणे व नव्या जागेवर सर्व्हरला परवानगी देणे, हे दोन नियम कधीही विसरू नयेत.

करून पाहा

हे सर्व वर्गात संगणकाशिवाय करता येते. पाच चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकीवर पुढची चिठ्ठी कोठे आहे ते लिहून त्या वर्गात निरनिराळ्या जागी लपवा. पहिलीची जागा मात्र फळ्यावर लिहा. पाचव्या चिठ्ठीजवळ एक पेन्सिल ठेवा. आता एका मित्राला बाहेर पाठवून गुपचूप एक चिठ्ठी हलवा आणि त्याला शोधायला बोलवा. तो कोठे अडतो ते पाहा. मग पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

1. तिसरी चिठ्ठी हलवली तर कोणत्या चिठ्ठीवरचा मजकूर बदलावा लागेल? तिसऱ्या चिठ्ठीवरचा का नाही?

2. पहिली चिठ्ठी हलवली तर बदल कोठे करावा लागेल?

3. मित्र दुसऱ्या चिठ्ठीनंतर अडला. पाचही जागा पुन्हा धुंडाळण्यापेक्षा त्याने आधी काय तपासावे?

4. मित्र अडला तेव्हा पेन्सिल कोठे होती?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहाल, तेव्हा खिडकीवरच्या त्या वाक्याचा अर्थही तुम्हाला कळलेला असेल.