बॅटरीला दोष देण्याआधी

मार्च उजाडला की जर्मनीतल्या गॅरेजांमधून मोटरसायकली बाहेर निघतात. १९९७ पासून इथे ठरावीक महिन्यांपुरती नंबरप्लेट मिळते, त्यामुळे बऱ्याच गाड्या हिवाळाभर झोपूनच असतात. मग बटण दाबले की नुसते ‘टक्’ होते आणि आपली मंडळी तडक नवी बॅटरी आणतात. महिन्याभराने तीही उतरते. माझे काम सॉफ्टवेअरचे असले तरी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमांत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. म्हणून हा प्रपंच.

बॅटरी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी आणि जनरेटर म्हणजे पंप. टाकी रिकामी राहण्याची कारणे तीन : टाकी फुटकी, पंप किंवा त्याचा पाइप नादुरुस्त, नाहीतर कुठेतरी नळ गळतो आहे. बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या टोकाला तांब्याच्या वेटोळ्यांभोवती लोहचुंबक फिरतात आणि तीन तारांतून प्रत्यावर्ती प्रवाह निघतो. रेग्युलेटर-रेक्टिफायरची डबी त्याचा एकदिश प्रवाह करते व व्होल्टेज १४ च्या आसपास रोखते. गाडी जपानी असो की आपल्या चाकणला बनलेली केटीएम, मांडणी हीच.

आता बाउमार्क्टमधला साधा मल्टिमीटर घ्या. पुढचे आकडे लेड-ॲसिड बॅटरीचे आहेत.

पहिली तपासणी टाकीची. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. ती चार्जरवर पूर्ण भरा. तरीही स्टार्टर दाबताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळले, तर बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरी पंपाची. गाडी उघड्यावर सुरू करून इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर ठेवा. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. १३ च्या खाली राहिले तर इंजिन बंद करून तीन तारांचा जोड सोडवा. कोणत्याही तारेचा इंजिनाच्या धातूशी संपर्क दिसता कामा नये. पुन्हा इंजिन सुरू करून तारांच्या तिन्ही जोड्यांमधले एसी व्होल्टेज मोजा; ते सारखे हवे. एखादी जोडी मागे पडली तर वेटोळे जळले आहे. तिन्ही ठीक असतील तर रेग्युलेटर किंवा मधले वायरिंग पाहा.

तिसरी गळतीची. किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि मधे मीटर अँपिअरवर जोडा. घड्याळाला एक-दोन मिलिअँपिअर लागतात. पण ५० लागत असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. १० ची बॅटरी आठ-नऊ दिवसांत रिकामी! मीटर असा जोडलेला असताना किल्ली मात्र फिरवू नका, त्याचा फ्यूज उडेल.

माझ्या एका मित्राला एका वर्कशॉपने अख्खा जनरेटर बदलायला सांगितला होता. वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या होत्या आणि तो गाडी विकायलाच निघाला होता. तपासले तर रेग्युलेटरकडे जाणारा प्लॅस्टिकचा जोड करपून तपकिरी झालेला. गणित सोपे आहे : ०.१ ओहमच्या गंजातून २० अँपिअर गेले की २ व्होल्ट वाया जातात आणि ४० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे वायरिंगमध्ये सोल्डरिंगची इस्त्रीच! बिघाड वेळीच सापडला. नाहीतर रात्री आउटोबानवर दिवे आणि इंजिन दोन्ही विझले असते.

१९६९ पासूनच्या बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर गाड्यांची गंमत वेगळी. त्यांत चार्जिंगच्या लाल दिव्यातूनच जनरेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. किल्ली फिरवल्यावर तो दिवा लागला नाही, तर आधी बल्ब बदला!

वायरिंगचा नकाशा बघताना डीआयएन ७२५५२ चे आकडे लक्षात ठेवा : ३० म्हणजे बॅटरीचे प्लस, १५ म्हणजे किल्लीनंतरचे प्लस, ३१ म्हणजे अर्थ. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ ठिणगी नको; आणि बॅटरी काढताना निगेटिव्ह तार आधी.

एवढे करूनही अडलात तर जरूर विचारा. मात्र ‘गाडी चालू होत नाही’ एवढेच सांगू नका. तिन्ही तपासण्यांचे आकडे कागदावर लिहून आणा. निम्मे निदान त्यातच असते.