एका 'ली'ची गोष्ट

बदलापूरचा एक मुलगा. अंगाने दणकट, कामाला वाघ. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्याने इंग्रजीत अर्ज दिला. 'मी खूप मेहनत करतो,' असे त्याला लिहायचे होते. त्याने लिहिले, 'आय वर्क हार्डली.' याचा अर्थ झाला, 'मी जवळजवळ कामच करत नाही.' साहेब हसले. अर्ज परत आला.

चूक कुठे झाली? मराठीत आपण 'छान गाणे' म्हणतो आणि 'ती छान गाते' असेही म्हणतो. शब्द एकच. इंग्रजीत मात्र बहुधा शब्द बदलतो.

उल्हासनगरच्या फलाटावर आपण 'स्लो लोकल' म्हणतो. 'स्लो' हे गाडीचे विशेषण. पण गाडी कशी चालते? 'स्लोली'. हा शब्द चालण्याबद्दल सांगतो, म्हणून ते क्रियाविशेषण.

तेव्हा मंडळी, आधी विचारा: शब्द वस्तूबद्दल आहे की क्रियेबद्दल? क्रियेबद्दल असेल तर बहुधा 'ली' लागतो. पण काही शब्द हट्टी असतात. फास्ट लोकल 'फास्ट'च धावते. 'गुड'चे 'वेल' होते. आणि 'हार्ड'ला 'ली' लावला, की अर्थच उलटा!

मुलाने पुन्हा लिहिले, 'आय वर्क हार्ड.' मग त्याला बोलावणे आले.

अर्ज देण्याआधी तो जाणत्या माणसाला दाखवा. विचारण्यात लाज कसली?